तिसऱ्या रांगेतली बाई

घरात आपल्याला कुणी पाहू नये, एवढ्यासाठी मी लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि स्क्रू काढून त्याचा कॅमेराही काढून ठेवला. रविवारी सकाळी, केडगावच्या घरी, माझ्या नवऱ्याने, रविराजने, त्याचा जुना क्रिकेटचा गेम त्यावर लावून पाहिला. नेट बंदच होतं.

"चालला की गं! आता तुझ्या लिनक्सला माझी हरकत नाही," तो म्हणाला. मग हसला. "हे बघ, प्रेक्षकांत तूच बसलीयेस."

तिसऱ्या रांगेत एक बाई होती. नुकत्याच धुतलेल्या केसांना माझ्यासारखाच पिवळा पंचा गुंडाळलेला.

"योगायोग असेल," मी म्हणाले. पण तपासायला हवं होतं. डावा हात वर करून बघू, असं मी मनात ठरवलं.

तिचा हात वर गेला. माझा अजून मांडीवरच होता.