मागचा माणूस

“आज कीर्तनाला तू उभा राहा.” वाटेतल्या नर्मदेकाठच्या देवळात बुवांनी आपलं उपरणं बालमित्र मुकुंदाच्या खांद्यावर टाकलं. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज कुजबुजण्यापुरताच उरला होता. गाव सोडून ते कायमचे लेकीकडे, देहरादूनला निघाले होते. गाडी मुकुंदाच चालवत होता.

“वेड लागलं का तुला? मी मागचा माणूस.”

“मी गेलो म्हणून गावची एकादशी मुकी जाऊ द्यायची का, गाढवा?”

मुकुंदा पुढे उभा राहिला, पण शब्द फुटेना. जन्मभर बुवांनी ओळ म्हणायची, मागून त्याने झील धरायची. आजही तो त्या ओळीचीच वाट बघत होता.

मागे टाळ वाजले. वळून पाहिलं, तर बुवा त्याच्या जागी उभे होते.

मुकुंदाने ओळ उचलली. बुवांचे ओठ नुसते हलले. झील समोर बसलेल्या परिक्रमावासी बायकांनी धरली.