पाच गिगाहर्ट्झ

"ताई, लॅपटॉपला खरं काम द्या, म्हणजे धावेल," धाकटी जाऊ मृणाल म्हणाली आणि शैलजाच्या अंगाचा तिळपापड झाला. मृणालच्या जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर गिऱ्हाइकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडताना चार गिगाहर्ट्झचा वेग गाठायचा. शैलजाचा नवाकोरा, पण पतपेढीची पत्रकं भरताना दोनवरच रेंगाळायचा.

"आण तुझं एखादं लग्न इकडे!" शैलजा कडाडली.

जोडणी सुरू झाली, पंखा घोंगावला, पडद्यावरचा वेगाचा आकडा पाचाला भिडला. शैलजानं सासूबाईंना हाताला धरून आणून दाखवला.

"हरले बाई," मृणालनं कान पकडले. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी दोन लग्नं आणि एक मुंज आणून दिली. "असली कामं तुमच्याच लॅपटॉपला शोभतात, ताई."

दुपारी शैलजा आकड्यावर डोळा ठेवून बसली. पलीकडे मृणाल घोरत होती. आता शैलजाला त्या झोपेचा हेवा वाटू लागला.