पेपर होईपर्यंत

लेकीला मी घरीच शिकवते. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून वर्ग त्यांच्या पलंगाशीच भरतो. माझ्या एका हातात भूमिती, दुसऱ्या हातात औषधाचा चमचा.

डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पोरीचे पेपर होईपर्यंत मी कुठे जात नाही गं. उगाच तिचं वर्ष बुडायचं.”

मग रोज त्या उरलेले पेपर बोटांवर मोजायच्या. मीही मोजायचे. खोटं कशाला बोलू, थकले होते.

आज शेवटचा, गणिताचा. “आई, एकदम सोप्पा होता!” लेक दारातच कुजबुजली.

आतून क्षीण आवाज आला, “झाले का गं सगळे?”



“कुठलं गं आजी! गणितात दांडी उडणार माझी. सहा महिन्यांनी परत बसायचंय.”