चिनी रेशमाची कुंची

बासष्टच्या नोव्हेंबरात श्रीवर्धनला चिनी मालाची होळी करायची ठरली आणि मास्तर घरोघर पेनं, कपबश्या मागत फिरू लागले. अनुसूयाबाईंचं घर मात्र ते ओलांडून निघाले, तेव्हा बाईंनीच पायरीवरून हाक मारली. त्यांच्या हातात त्यांच्या मुलाची, श्रीधरची, तान्हेपणीची कुंची होती. सासऱ्यांनी कँटनहून आणलेलं रेशीम. ढग आणि बगळे विणीतच उमटलेले. सोवळ्यातल्या सासूबाईंना तान्ह्या नातवाला उचलता येईना, म्हणून त्यांनी ती शिवली होती. रेशमात गुंडाळलं की पोर मांडीवर घेता यायचं. “काकू, तुमच्याकडून काही नको. श्रीधर गेला तो चिन्यांशीच लढताना.” “चिनीच आहे ना? मग न्या.” मास्तरांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. लष्कराची तार येऊन सहाच दिवस झाले होते, घरात सुतक होतं. अनुसूयाबाईंनी कुंचीचे बंद सरळ केले. “घ्या, मास्तर. रेशमाला विटाळ नसतो.”