संत्रं गोड निघालं तर

त्या पत्राला त्यांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं.

पत्र आलं तेव्हा ते ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक चिकटवायचं काम करत होते. पत्र लिहिणारी तिथे बागकामाची पुस्तकं न्यायला यायची. पाकिटात ओलसर कापसात गुंडाळलेल्या संत्र्याच्या तीन बिया होत्या. ‘मी तुम्हाला आवडते का? बोलायला जमत नसेल तर या बिया लावा. फळ गोड निघालं तर लिहून कळवा. ता. क. पाणी कुंडीच्या कडेनं घाला, बुंध्याशी नको.’

एकच बी उगवली. झाड त्यांच्याबरोबर घरं बदलत राहिलं, अंधाऱ्या खिडक्यांत नुसते काटे वाढवत राहिलं. या नव्या घराच्या गॅलरीत भरपूर ऊन होतं. इथे ते फुललं आणि आता त्यावर एक संत्रं पिकलं होतं. एकच.

सकाळपासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला.

“बाबा, तोडा की आता,” मुलगी म्हणाली.

“आंबट निघालं तर?”

“तर सरबत करू.”

“तसं नाही गं.” आणि उत्साहाच्या भरात त्यांनी तिला पत्राची सगळी हकिकत सांगून टाकली. फक्त नाव सांगितलं नाही.

मुलीनं स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. “आईला माहीत आहे हे?”

“आहे.”

“आणि तुम्ही तिला आता लिहिणार? या वयात?”

“गोड निघालं तर.”

तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि कुंडीच्या कडेकडेनं पाणी घालू लागली.

“आई, ऐकलंस ना?”

“लिहू दे. बिचारी केव्हाची वाट बघतेय.”

“तुला काहीच वाटत नाही? तुमचं लग्न मोठ्यांनी ठरवलं, बाबांनी तोंडातून शब्दही काढला नाही, असं आत्या सांगते. ते यासाठी होय?”

“शब्द अजूनही काढलेला नाही,” आई म्हणाली. “अहो, सोला ते. का सुकायची वाट बघताय?”

त्यांनी संत्रं तोडून सोललं. सालीचा वास गॅलरीभर पसरला. त्यांनी एक फोड तोंडात टाकून डोळे मिटले. निघू दे आंबटढाण, मुलगी मनात म्हणत होती.

“गोड आहे,” ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, “अगं, गोड आहे!”

दुसरी फोड त्यांनी बायकोपुढे धरली. तिनं ती खाल्ली, बिया तळहातावर काढल्या आणि ती आत निघून गेली. जरा घाईनंच.



दुपारभर ते दार लावून लिहीत बसले. कागदांच्या बोळ्यांनी टोपली भरली. संध्याकाळी ते पाकीट घेऊन बाहेर आले तेव्हा नवरदेवासारखे लाजत होते. पाकीट पातळ होतं. आत एखादीच ओळ असावी.

“द्या, मी टाकते,” मुलगी म्हणाली. पेटीपर्यंत जायचं आणि फाडून टाकायचं, हे तिचं ठरलं होतं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी ती थांबली. फाडण्याआधी निदान नाव तरी बघावं, म्हणून तिनं पाकीट उलटं केलं.

पत्ता त्यांच्याच घराचा होता. नाव आईचं, आडनाव माहेरचं.

तिनं पाकीट पेटीत टाकलं.