काठोकाठ

"आले का वाफवाले?" कडी काढता काढता आजींनी विचारले. "आज तरी माझ्या विहिरीचं तोंड धुऊन होऊ दे बाई."

यंत्रचालकाने बूट उंबऱ्याबाहेर काढले. पिशवीतील दोरी, हातमोजे आणि काचेच्या बाटल्या ओट्यावर मांडल्या. वास पारखणारे यंत्र आणि ते बरोबर चालते की नाही हे ताडून पाहण्यासाठी मिळालेली द्रावणाची चिमुकली कुपी मात्र नेहमीप्रमाणे त्याच्या खिशातच राहिली.

कुंपणापलीकडे पूर्वी लोकरी कपडे धुण्याचा कारखाना होता. डाग काढण्याचे तेथील द्रावण, त्या कुपीत होते तेच, वर्षानुवर्षे भूमीत मुरले आणि भूजलास जाऊन मिळाले. आता त्या ओसाड आवारात बॉयलर धगधगत होता. नळ्यांवाटे भूगर्भात वाफ सोडायची, तापून उडालेले विष दुसऱ्या नळ्यांनी वर ओढून घ्यायचे, असे ते काम. शेजारची घरे केव्हाच रिकामी झाली होती. सोबतचे कामगारही एकेक करून दुसऱ्या कामांवर निघून गेले. मागे उरले दोघेच: यंत्रचालक आणि आजी.

आजींच्या खोलीत कोपऱ्यात एक पाळणा सज्ज होता. त्यातील दुपटे त्या रोज झटकीत आणि पुन्हा घडी घालून ठेवीत. विहिरीचे पाणी शुद्ध ठरेपर्यंत नातीला या घरात आणायचे नाही, असे सुनेने निक्षून सांगितले होते. नात आता बसू लागली होती. आजींनी तिला अजून मांडीवर घेतले नव्हते.

चहा उकळत असतानाच साहेबांचा फोन आला. यंत्रचालक अंगणात गेला.

"ती पारखायची कुपी पाठवतोय रे. फार लवकर संपते तुझी," साहेब म्हणाले. "बरं, मला एक सांग. बाकी सगळं पाणी स्वच्छ, मग एकट्या म्हातारीच्याच विहिरीत विषाचा अंश येतो कुठून? नवरा त्याच कारखान्यात होता ना तिचा?"

"हो."

"एकटी बाई. तू जातोस, दोन शब्द बोलतोस. काम संपलं की कोण जाणार तिच्याकडे? तीच काही ओतत नसेल ना? बघ जरा घरात."

"बघतो, साहेब."

तो आत आला. आजींनी साखरेचा डबा वरच्या फळीवरून काढून देण्यास सांगितले. डब्यामागे एक तपकिरी बाटली होती. लेबल ओळखीचे होते: कारखान्यातले तेच द्रावण. त्याने ती खाली घेतली.

"ह्यांची आहे ती," आजी म्हणाल्या. "कोटावर डाग पडला की काढायचे. टाकवत नाही आणि उघडवतही नाही."

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. झाकण गंजून बसले होते आणि त्यावरील धूळ अभंग होती. त्याने ती जिथल्या तिथे ठेवली.

विहिरीवर त्याने पाणी शेंदले. आजी पदर सावरून जवळ उभ्या राहिल्या.

"काठोकाठ भरा हो! बुडबुडा राहिला की सगळं फुकट, तुम्हीच सांगता ना?"

"तुम्हालाच कामावर ठेवायला हवं, आजी."

"ठेवा की! पगारात नात आणून द्या." त्या हसल्या, मग हलकेच म्हणाल्या, "या खेपेला चांगलं निघालं, तर रविवारी येतील सगळी. तुम्ही कुठे जाल मग?"

"पाठवतील तिथे."

"घरी कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग जेवलात का म्हणून विचारणार कोण तुम्हाला?"

त्याने बाटलीचे झाकण घट्ट बसवले. आजींनी त्याच्या हातातील बाटलीला दोन्ही हात जोडले. "जपून न्या हो."

बॉयलरच्या शेडमध्ये एक स्टूल होते, एक कप होता. वाफेचा अखंड सूं-सूं आवाज सोडला तर सर्वत्र निःशब्दता होती. स्टुलावर बसून यंत्रचालकाने आजींच्या पाण्याची बाटली उजेडात धरली. पाणी स्फटिकासारखे निर्मळ होते. त्याने झाकण काढून थोडेसे पाणी भुईवर सांडले, खिशातील कुपी उघडली आणि हात स्थिर ठेवून रिकाम्या झालेल्या जागेत तिच्यातील थेंब सोडले; बाटली पुन्हा काठोकाठ भरली, बुडबुडा एकही राहिला नाही.