दिवस बुडायच्या आत

झाकण उचलून बघायचं नाही, असं माहेरी, खांडबाऱ्याला, आई दर नाताळात बजावायची, म्हणून रोहिणी नुसती नाकानेच बघत होती. लवंग आली. दालचिनी आली. संत्र्याची साल अजून कच्ची होती. गॅसवर मोठं पातेलं, त्यात तापलेली वाळू, वाळूत केकचा डबा. खिडकीतून आलेलं तिरपं ऊन वाफेत विरघळत होतं. या दिवसांत नंदुरबारच्या हवेत भरून राहणारा मिरचीचा ठसका आज उंबऱ्याबाहेरच अडखळला होता.

या मारवाडी जैन घरात नाताळचा केक पहिल्यांदाच होत होता. अंडं नाही, दारू नाही. फळं भिजली ती संत्र्याच्या रसात. लग्नाला वर्ष होत आलं, तरी सासूबाईंनी, रूपकंवर यांनी, सुनेच्या हातचा घास घेतला नव्हता. भांडण म्हणावं तर तेही नाही. आपलं ताट आपण करून घ्यायच्या आणि हसून बोलायच्या. त्या हसण्याचाच रोहिणीला जास्त त्रास व्हायचा. आणि काल त्या आपणहून म्हणाल्या, केक मीही चाखेन, फक्त दिवस बुडायच्या आत होऊ दे. रोहिणीचे पाय जमिनीवर ठरेनात.

अट साधी दिसत होती, पण होती कडक. सूर्य मावळल्यावर रूपकंवर पाणीही घेत नसत, आणि रात्र उलटलेलं अन्न शिळं म्हणून त्यांना वर्ज्य. आज चुकला तर हा केक त्यांच्यासाठी कायमचाच चुकला.

सकाळी फळं रसात टाकायला घेतली, तर त्या चष्मा लावून समोर बसल्या. एकेक खजूर उकलला. एकेक मनुका उजेडासमोर धरली. कुठे कीड असेल, एखादा जीव मरेल. रोहिणी घड्याळाकडे बघत राहिली आणि ताटातला ढीग मुंगीच्या पावलाने सरत राहिला. दुपार कलंडली तेव्हा कुठे फळांना रस दिसला.

आता रूपकंवर दाराशी पाटावर बसून होत्या. सासरे भीकमचंद यांचा सूर्यास्ताचा नियम दुकानाच्या वेळेप्रमाणे मागेपुढे होई. ते दोनदा डोकावून गेले आणि कोणी विचारलं नसताना, पाणी प्यायला आलो, म्हणून सांगून गेले. भिंतीवरचं ऊन फडताळावर चढलं, तिथून छताला लागलं. रोहिणीने आच वाढवायला हात नेला आणि मागे घेतला. घाई केली तर वरून करपणार, आत कच्चा राहणार. संत्र्याची साल पिकली तेव्हा सूर्य गुजरातकडे उतरून गेला होता.

तिने झाकण काढलं. केक सुरेख फुगला होता, वर एक भेग पडली होती. ते रूप बघून तिला रडूच कोसळलं.

"इतलं निवडत बसनात तुम्ही, मम्मीजी," ती म्हणाली. सासूची मारवाडी सुनेला येत नसे, सुनेची आदिवासी कोकणी सासूला. दोघी अहिराणीतच भेटायच्या.

"निवडाबिगर खाऊ कशी, पोरी?"

एवढा वेळ ही बाई केक टाळत होती असंच रोहिणीला वाटत होतं. बाई तर खायची तयारी करत होती.

"इकडे लई ये," रूपकंवर डब्यासाठी हात पुढे करत म्हणाल्या. "खावानी बंदी शे, वास लेवानी नही."

त्यांनी मांडीवर घडी घातलेलं फडकं अंथरलं, त्यावर गरम डबा घेतला आणि डोळे मिटले. संधिप्रकाशात वाफ त्यांच्या चष्म्यावर चढली, केसांत शिरली. चेहरा हळूहळू सैल होत गेला, झोपेत हसणाऱ्या लेकरासारखा. स्वयंपाकघर निळं झालं तरी दिवा लावावा असं रोहिणीला वाटेना.

भीकमचंद ताटली घेऊन आले आणि बायकोकडे बघत उभे राहिले.

"सकाय परत केक कर," रूपकंवर डोळे न उघडता सुनेला म्हणाल्या. "मी पटपट निवडसू."

रोहिणीने पदराने तोंड पुसलं. भीकमचंदांनी ताटली जरा पुढे केली. डबा काही मांडीवरून हलला नाही.